अनेक संस्था, एक मागणी: संयुक्त महाराष्ट्र समितीकडून काय शिकावे

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या प्रत्येक गावात मराठी संस्था एकापेक्षा जास्त असतात. एक मंडळ, एक वाचनालय, दोन-तीन गणेशोत्सव मंडळे, भगिनी समाज, नाट्यसंस्था, शाळेचा माजी विद्यार्थी संघ आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. एरवी प्रत्येकाचे काम आपापल्या जागी नीट चाललेले असते. पण मराठी शाळेचा वर्ग बंद करण्याची नोटीस येते किंवा सरकारी कागद मराठीत मिळेनासे होतात, तेव्हा एकट्या संस्थेचे निवेदन फाइलमध्ये पडून राहते. अशा वेळी सगळ्यांनी मिळून एक समिती उभी करावी लागते. ती कशी उभी करावी, कशी चालवावी आणि ती कुठे फुटते, याची माहिती सभासदांच्या हाताशी असावी म्हणून आम्ही हा लेख तयार केला आहे.

उदाहरण म्हणून आम्ही संयुक्त महाराष्ट्र समिती निवडली आहे. ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिने यश मिळवले आणि त्या यशात काही माणसे मागेही राहिली. या दोन्ही बाजू महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला ठाऊक असायला हव्यात.

संयुक्त समिती म्हणजे काय

संस्था एक घटना, एक सभासदयादी आणि एक कार्यकारिणी घेऊन चालते. संयुक्त समितीत मात्र अनेक संस्था आपापले अस्तित्व कायम ठेवून ठरावीक मागणीपुरत्या एकत्र येतात. कोणीही आपले नाव, निधी किंवा कार्यक्रम सोडत नाही. सगळे मिळून फक्त तीन गोष्टी सामाईक करतात: मागणी, ती मांडणारी माणसे आणि ती मांडण्याचा क्रम. एवढे तीन सामाईक झाले की समिती झाली. त्याहून जास्त सामाईक करायला गेले की भांडणे सुरू होतात.

परिषदेपासून समितीपर्यंत

१९४६ साली बेळगावला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे असा ठराव या संमेलनात झाला. त्याच वर्षी मुंबईत शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे काम सुरू झाले. परिषदेची पद्धत निवेदनांची होती. आकडेवारी गोळा करायची, आयोगांपुढे साक्ष द्यायची, पुढाऱ्यांना भेटायचे. १९४८ च्या दार आयोगापुढे आणि नंतर १९५३ साली नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगापुढे मराठी बाजू मांडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दार आयोगाला स्वतंत्र निवेदन दिले होते.

याच काळात निरनिराळ्या मराठी विभागांना एकत्र ठेवण्यासाठी दोन करार झाले. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार. विदर्भ आणि मराठवाडा यांना एकाच राज्यात आपले काय होईल अशी शंका होती. ती शंका लेखी आश्वासनांनी कमी करण्याचा हा प्रयत्न होता. यातला एक मुद्दा आजही कामाचा आहे. लहान घटकाची भीती बैठकीत बोलून जात नाही. ती कागदावर उतरवावी लागते.

आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईसह द्विभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता. त्यानंतर परिषदेची मर्यादा उघड झाली. तिच्यातले अनेक प्रमुख कार्यकर्ते काँग्रेसचे होते. पक्षश्रेष्ठींचा निर्णय विरुद्ध गेला की त्यांना दोन निष्ठांमध्ये निवड करावी लागे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा पुन्हा गोळीबार झाले. या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले त्यांची संख्या १०५ म्हणून लोकांच्या तोंडी आहे. हुतात्मा चौक हे नाव त्यांच्यामुळेच पडले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे तिचे मोठे घटक. शिवाय हिंदू महासभेसारखे अगदी वेगळ्या विचाराचे पक्षही तिच्यात होते. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही माणसे चार वर्षे एकत्र राहिली.

पहिला धडा: मागणी एका वाक्यात

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र." समितीची मागणी एवढ्या तीन शब्दांची होती. गिरणी कामगाराला, सातारच्या शेतकऱ्याला आणि पुण्याच्या प्राध्यापकाला ती सारखीच समजली. जमीन, मजुरी, धर्म, परराष्ट्र धोरण या कशावरही घटक पक्षांचे एकमत नव्हते. ते विषय त्यांनी समितीच्या बैठकीत आणले असते तर समिती पहिल्याच महिन्यात मोडली असती.

आपल्याकडे होते ते नेमके उलटे. शाळेच्या प्रश्नावर बैठक बोलावली जाते. तीत सभागृहाचे भाडे, रस्त्याचे नाव, मागच्या वर्षीच्या संमेलनाचा हिशेब असे सगळे विषय निघतात. शेवटी बारा मागण्यांचे निवेदन तयार होते. अधिकारी त्यातली सर्वांत सोपी मागणी मान्य करतो आणि बाकीच्या अकरांवर "विचार चालू आहे" असा शेरा पडतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी की मागणी एका वाक्यात लिहावी आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय हवे, कोणाकडून हवे आणि केव्हापर्यंत. "मराठीचे जतन व्हावे" हे वाक्य मागणी ठरत नाही. "येत्या शैक्षणिक वर्षापासून अमुक शाळेत पहिलीच्या वर्गाला मराठी शिक्षक मिळावा" ही मागणी आहे.

दुसरा धडा: कोणाला बोलवावे

सारख्या विचाराच्या माणसांची समिती जमवणे सोपे असते, पण तिचा दबाव पडत नाही. सरकारला ती एकाच गटाची वाटते. समितीचे बळ तिच्यातल्या वेगळेपणात होते. डांगे यांच्यामागे गिरणी कामगार होते, क्रांतिसिंह नाना पाटलांमागे ग्रामीण सातारा, दादासाहेब गायकवाडांमागे दलित समाज. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढले आणि समितीला रोजचा आवाज मिळाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी हाच विषय वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांपर्यंत नेला.

आपल्या गावी बैठकीची यादी करताना म्हणून नेहमीच्या चार नावांवर थांबू नये. पालक, शिक्षक, रिक्षा संघटनेतील मराठी माणसे, बाजारपेठेतले व्यापारी, भजनी मंडळे, तरुणांचे क्रिकेट क्लब, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते पण ज्यांचे आडनाव मराठी वाटत नाही अशी कुटुंबे, या सर्वांना निरोप गेला पाहिजे. बाईमाणसांना फक्त हळदीकुंकवाच्या निमंत्रणात आणि पुरुषांना फक्त निवेदनाच्या बैठकीत बोलवायची सवय मोडावी लागेल. मुलांच्या शाळेचा प्रश्न सर्वांत जवळून बहुधा आईलाच माहीत असतो.

समोरच्या भाषेतली माणसेही विसरू नयेत. द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले तेव्हा ते गुजराती भाषकांनाही नको होते. इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. मुंबई शहरावरून दोन्ही बाजूंत तीव्र मतभेद होते, पण द्विभाषिक मोडावे यावर एकमत होते. एकाच व्यवस्थेवर दोन दिशांनी दाब आला, आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांनी हा काळ दोन्ही बाजूंनी पाहिला. हैदराबाद संस्थानातही असेच घडले होते. महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा आणि कर्नाटक परिषद या तिन्ही भाषिक संस्थांतून तयार झालेले कार्यकर्ते पुढे स्टेट काँग्रेसच्या लढ्यात एकत्र आले.

आजचा अर्थ साधा आहे. मराठी शाळेला शिक्षक मिळत नसेल तर त्याच शहरातल्या उर्दू, तेलुगू, गुजराती किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेलाही बहुधा तीच अडचण असते. भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षकभरतीचा प्रश्न चार भाषांनी मिळून मांडला तर तो "मराठी लोकांची तक्रार" राहत नाही.

तिसरा धडा: समिती चालवायची कशी

एवढ्या विरोधी विचारांच्या समितीत एस. एम. जोशी चिटणीस होते. ते समाजवादी, पण कम्युनिस्टांपासून हिंदुत्ववाद्यांपर्यंत सर्वांशी बोलू शकत. अशा माणसाची गरज प्रत्येक समितीला असते. तो सर्वांत मोठा वक्ता असलाच पाहिजे असे नाही. तो कोणाच्याही घरी चहाला जाऊ शकतो का, हे पाहावे.

कामकाजाबाबत आमच्या सूचना अशा:

१. प्रत्येक संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक पर्यायी प्रतिनिधी लेखी नेमून घ्यावा. सभासद पाचशे असोत की पन्नास, मत एकच.

२. मागणी बदलायची किंवा तडजोड मान्य करायची असेल तर सर्वसंमती लागेल, बाकी कामे बहुमताने होतील, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे.

३. बोलणारी माणसे दोनच ठेवावीत. अधिकाऱ्याला एक भेटतो आणि पत्रकाराशी दुसरा बोलतो, तेव्हा दोघांच्या हातात एकच कागद असावा.

४. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सर्व घटकांना पाठवावा. पैशाचा संशय मतभेदापेक्षा लवकर समिती फोडतो.

५. बैठकीचा वृत्तांत दोन दिवसांत लिहून पाठवावा. कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे त्यात असले तरी पुरे.

६. श्रेयाबद्दल आधीच बोलून घ्यावे. फलकावर संस्थांची नावे अकारविल्हे, हा नियम लहान वाटतो, पण त्याने पुष्कळ रुसवे टळतात.

निवडणुकीच्या वेळी हा प्रश्न जास्त टोकदार होतो. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत समितीने जागा वाटून घेतल्या आणि एकास एक लढती केल्या. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला त्याचा मोठा फटका बसला. अत्रे आणि एस. एम. जोशी विधानसभेत गेले. डांगे, नाना पाटील, दादासाहेब गायकवाड, ना. ग. गोरे लोकसभेत गेले. राज्यात सत्ता यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचीच राहिली, पण द्विभाषिक लोकांना मान्य नाही हे मतपेटीतून कळले.

चौथा धडा: निवेदन, सभा आणि मोर्चा यांचा क्रम

समितीने सगळी साधने एकदम वापरली नाहीत. आधी निवेदने, मग सभा, सत्याग्रह, निवडणूक, विधिमंडळातला आवाज. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा समितीने तेथे मोठी निदर्शने केली. वाटेवर दुतर्फा लोक होते आणि मोर्चा शांततेत पार पडला. दिल्लीला जे सांगायचे ते एका दिवसात सांगून झाले. आधी रक्त सांडलेले असताना एवढा जमाव शिस्तीत ठेवणे हे समितीच्या संघटनेचे मोठे काम होते. त्याआधी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. रस्त्यावरचा माणूस आणि मंत्रिमंडळातला माणूस एकच गोष्ट सांगत आहेत हे त्यातून दिसले.

आपल्या प्रश्नांसाठी मोर्चाच्या आधी कायद्याचा कागद हाताशी असावा. सभासदांनी पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात.

संविधानाच्या अनुच्छेद २९ नुसार आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३० नुसार भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख आले. पहिल्यानुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करायचा आहे. दुसऱ्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो, त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेपुढे ठेवला जातो.

याशिवाय देशपातळीवर मान्य झालेले काही निकष आहेत. शाळेत एका भाषेचे ४० विद्यार्थी किंवा एका वर्गात १० विद्यार्थी असतील तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेच्या शिक्षकाची सोय करावी. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

या निकषांमुळे समितीचे पहिले काम ठरते: मोजणी. घरोघर जाऊन पहिली ते चौथीच्या वयाची मुले किती, त्यांपैकी किती पालक मराठी वर्गासाठी लेखी अर्ज देतील, याची यादी करावी. "पुष्कळ मुले आहेत" असे सांगणाऱ्या शिष्टमंडळाला चहा मिळतो. सह्यांसह बारा मुलांची यादी ठेवणाऱ्या शिष्टमंडळाला उत्तर द्यावे लागते. आणि एक अवघड गोष्टही येथे स्पष्ट सांगतो. मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्यांच्या घरातले एकही मूल त्या शाळेत नसेल, तर अधिकारी ते पहिल्या भेटीतच विचारतो. त्याचे उत्तर समितीने आधी आपसात शोधलेले असावे.

पाचवा धडा: मागे कोण राहिले

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्या बेळगावात १९४६ साली ठराव झाला, ते बेळगाव त्यात नव्हते. १९५६ च्या पुनर्रचनेतच ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले होते. निपाणी, खानापूर, कारवार, बिदर या पट्ट्यातले मराठी भाषकही बाहेर राहिले. मुख्य मागणी मान्य झाल्यावर समितीतल्या पक्षांना एकत्र ठेवणारे कारण उरले नाही. ते आपापल्या वाटेने गेले. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या.

सीमाभागाचा लढा महाराष्ट्र एकीकरण समितीने चालू ठेवला. १९६६ मध्ये सेनापती बापट यांनी या प्रश्नासाठी उपोषण केले आणि त्याच वर्षी महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला देण्याची, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

एकीकरण समितीची पुढची वाटचालही अभ्यासण्यासारखी आहे. एकेकाळी तिचे अनेक आमदार निवडून येत. नंतर गट पडले, एकाच मतदारसंघात समितीच्या नावाने दोन उमेदवार उभे राहिले, आणि २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत तिचा एकही आमदार गेला नाही. मराठी मतदार तेथे होतेच, पण त्यांची मते वाटली गेली.

यावरून आम्ही सर्व संस्थांना एक विनंती करतो. समिती स्थापन करतानाच एक प्रश्न विचारावा: आपली मागणी अर्धी मान्य झाली तर ज्यांचा भाग राहिला त्यांच्यासाठी बाकीचे किती काळ आणि काय करतील? शहरातल्या शाळेला शिक्षक मिळाला आणि तालुक्याच्या शाळेला नाही, तर शहरातील पालक बैठकीला येत राहतील का? याचे उत्तर लेखी असावे. मुदत असावी. "राहिलेल्या भागासाठी आणखी दोन वर्षे वर्गणी आणि शिष्टमंडळ चालू राहील" असे एक वाक्यही पुरते. ते नसेल तर लहान घटक पहिल्या दिवसापासून साशंक राहतो, आणि त्याची शंका चुकीची नसते.

पहिल्या तीन महिन्यांची कामे

पहिला महिना: प्रश्न नेमका लिहून काढणे, संस्थांची यादी, प्रत्येकाची प्रत्यक्ष भेट. फोनवर बोलावलेली बैठक अर्धी रिकामी राहते. मागणीचे एक वाक्य सर्वांकडून मान्य करून घेणे.

दुसरा महिना: मोजणी आणि कागद. अर्ज, जुने आदेश, शाळेची पटसंख्या, लागू होणारे निकष एकत्र करणे. लागेल तेथे माहिती अधिकाराचा अर्ज करणे.

तिसरा महिना: स्थानिक अधिकाऱ्याला निवेदन आणि त्याची पोच घेणे. उत्तराची तारीख विचारणे. ती टळली तर लोकप्रतिनिधी, राज्याचा शिक्षण विभाग आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तोच कागद पाठवणे. सभा किंवा धरणे यांचा विचार त्यानंतर करावा, परवानगी घेऊन, आणि जबाबदार स्वयंसेवक नेमून.

आपल्या गावात असा प्रश्न उभा असेल तर मंडळाच्या कार्यालयात येऊन कार्यकारिणीला जरूर भेटा. येताना मुलांची यादी आणि आलेल्या नोटिशीची प्रत सोबत आणावी. तेवढ्यावर पहिली बैठक बोलावता येते.